बाबांना न पडलेलं स्वप्न

माझा मोठा भाऊ एका सकाळी परभणीला तांब्याची तार आणायला गेला आणि परत आला नाही. सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. घरात भांडण नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं, अंगात दुखणं नव्हतं. मानवतला बाजाराच्या रस्त्यावर पाण्याच्या मोटारी भरून देणाऱ्या एका मिस्त्रीकडे तो कामाला होता. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार वेटोळं वेटोळं भरायची, हे त्याचं काम. तार संपली की तोच परभणीला जाऊन आणायचा. नेहमीचं होतं ते.

निघताना त्यानं मायला विचारलं, "येताना काही आणू का?"

माय भाकरी करत होती. मागं न बघताच म्हणाली, "काही नको. येळेवर ये."

पुढं कित्येक वर्षं ती याच वाक्यापाशी अडकून बसली. तिचं म्हणणं, काहीतरी आण म्हणलं असतं तर ते द्यायला तरी तो घरी आला असता.

बाबा तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पहिले काही दिवस ते कामावर गेलेच नाहीत. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, दवाखाने, सगळं पालथं घातलं. पोलिसांत तक्रार दिली. मायचं माहेर राणीसावरगावचं. तिथल्या मामांनी गंगाखेडपर्यंत नदीकाठ धुंडाळला. तारेच्या दुकानदारानं सांगितलं की तो आलाच नव्हता. बसमधून तो उतरला होता का, हे कुणालाच आठवत नव्हतं. पुढं कुणी म्हणायचं नांदेडला दिसला, कुणी म्हणायचं लातूरला हॉटेलात ताटं उचलायलाय. बाबा प्रत्येक ठिकाणी जाऊन यायचे. परत आले की पायरीवर बसून बराच वेळ चपला काढायचे नाहीत, आणि त्यावरून मायला कळायचं.

मी पेडगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दादा गेला त्याच्या आदल्या वर्षी माझं लग्न होऊन मी परभणीला आले होते. त्या दिवशी तो माझ्याकडंही आला नव्हता. त्यामुळे रिकाम्या घराचा भार माय-बाबांवर होता आणि माझ्या वाट्याला फोन होता. सकाळी शाळेला निघायच्या आधी मायचा फोन यायचा. पहिल्या वर्षी ती रडायची. नंतर रडणं थांबलं आणि स्वप्नं सुरू झाली.

मला पडायचं ते स्वप्न असं. दादा दुकानात खाली बसलेला असतो, माझ्याकडे पाठ करून. पुढ्यात उघडी मोटार. त्याच्या बोटांतून तार सुटत असते आणि तो ओठांतल्या ओठांत वेढे मोजत असतो. मी डबा घेऊन दारात उभी. हाक मारायची नाही, कारण मोजणी चुकली की सगळी तार उपसून पुन्हा भरावी लागते. हे काही स्वप्नातलं शहाणपण नव्हे. कॉलेजात असताना मी खरंच त्याचा डबा घेऊन जायची, आणि त्याची मोजणी संपेपर्यंत दाराशी उभी राहायची. मोजून झालं की तो मान वळवून हसायचा आणि म्हणायचा, "कवा आलीस गं?" स्वप्नात मात्र मोजणी संपत नसे. मी उभीच. डबा गार होत जायचा. जाग यायची तेव्हा माझे पाय खरोखर दुखत असायचे.

मायचं स्वप्न वेगळं होतं. तिच्या स्वप्नात दादा उंबऱ्याबाहेर उभा राहून पाय धुवायला पाणी मागायचा. ती रांजणाकडं धावायची. रांजण कोरडा. शेजारून कळशी आणायची, आणि येऊन बघते तर दारात कुणी नाही. नुसती ओल असायची. "पाणी न्हाई दिलं आन् वल कुठून आली गं?" ती मला विचारायची, जणू मी शिक्षिका म्हणजे मला हे माहीत असणारच.

तेव्हापासून माय घरातला रांजण कधी रिता ठेवत नसे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची पाळी आली तरी ती त्यातलं तळाचं पाणी कुणाला काढू द्यायची नाही.

आम्हा दोघींचं सकाळचं बोलणं याच्यावरच सुरू होऊन याच्यावरच संपायचं. "आला होता का?" ती विचारायची. "तुझ्याकडं?" मी विचारायची. अंगात कोणता सदरा होता, अंगानं वाळला होता का, बोलला का. एखाद्या सासुरवाशिणीची खबरबात घ्यावी तशा आम्ही त्याची घ्यायचो. फोनच्या पलीकडे बाबांचा खाकरण्याचा आवाज यायचा. मग दार वाजायचं. ते बाहेर निघून गेलेले असायचे. माय म्हणायची, "त्यायलाबी दिसतो. पर बोलत न्हाईत. गडीमाणूस हाय, कसं बोलंल?" मलाही तसंच वाटायचं.

शेजारच्या काकू शेतकऱ्याच्या घरच्या, मनानं चांगल्या. मायच्या स्वप्नाचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या मायजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "लेकरू पाणी मागायलंय. अमोशाला एक पान वाढून ठेवा बगा दाराबाहेर. शांत हुईल."

मायचा चेहराच बदलला. "पान मेलेल्याला वाढतेत," ती म्हणाली. "माझा मेला न्हाई." त्यानंतर बरेच महिने तिनं काकूंच्या दारचा रस्ता सोडला. बाबांनी नंतर समजूत काढली. "त्यायनी मायेनं सांगितलं. आपल्यात हे न्हाई, माझ्या बापानं धम्म घेतला तवाच सोडलं. पर बाईवर राग धरू नको."

मग मी माहेरी असताना विहारात भंतेजी आले, तेव्हा तिनं त्यांनाही विचारलं, एकच स्वप्न माणसाला सारखं सारखं का पडतं? भंतेजी शांतपणे म्हणाले, मन ज्याला धरून ठेवतं ते पुन्हा पुन्हा दाखवतं. सोडायला शिकलं की थांबेल. मायनं हात जोडले. वाटेत मात्र मला म्हणाली, "सोडलं तर त्यो येणारच न्हाई. मंग ऱ्हायलं काय?"

माझी तब्येत बिघडत गेली. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी असताना डोळे मिटायचे. पोरं पाढे म्हणायला लागली की अंगावर काटा यायचा. मोजण्याचा कुठलाही आवाज मला नकोसा झाला होता. शेवटी माझ्या नवऱ्यानं परभणीतल्या एका मनोविकाराच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. जाताना मला लाज वाटत होती. त्या वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग साध्या शब्दांत सांगितलं.

"झोपेत मन दिवसभराचा पसारा आवरत असतं, ताई. जे आवरून होतं ते बाजूला जातं. तुमच्या भावाला कुठं ठेवायचं हेच मनाला कळत नाही. असलेल्यांत ठेवावं, तर तो नाही. गेलेल्यांत ठेवावं, तर तसं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून ते रोज त्याला हातात घेतं आणि जागा सापडली नाही की परत खाली ठेवतं."

मला ते पटलं. गोळ्यांपेक्षा ते ऐकूनच काही दिवस बरं वाटलं. घरी येऊन फोनवर मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या बाईला म्हणावं, जागा हाय. त्याची वाकळ मी रोज झटकून ठिवते."

मध्ये काही वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात बाबांना फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, निराधारांना सांभाळणाऱ्या एका आश्रमातून. तिथं कुणीतरी एक माणूस आणून सोडला होता. वयानं तेवढाच, उंचीही तेवढीच. नाव सांगत नाही, पण बोली आपल्याकडची आहे, आणि कधीतरी मानवतचं नाव घेतो. पोलिसांतल्या नोंदीवरून त्यांनी आमचा नंबर काढला होता.

आम्ही तिघं निघालो. मायनं पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. बसमध्ये ती ते गाठोडं मांडीवरून खाली ठेवेना. बाबांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. एका ठिकाणी बस थांबली तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वळखील का गं त्यो? मी लय म्हातारा झालोय." तो आपल्याला ओळखू येईल का, हा प्रश्न आम्हा कुणालाच पडला नव्हता.

आश्रमाच्या ओसरीवर एक माणूस भिंतीला टेकून उन्हात बसला होता. केस बारीक कापलेले, दाढी वाढलेली. लांबून बघताना खांदे अगदी दादाचे वाटले. माय पुढं गेली. त्याच्यासमोर खाली बसली. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि डावी भुवई अंगठ्यानं चाचपली. दादा लहानपणी उंबऱ्यावर पडला होता, तिथं केस उगवत नसत. इथं भुवई सलग होती.

माय तशीच बसून राहिली. मग आमच्याकडं न वळता म्हणाली, "न्हाई."

बाबा दोन पावलं मागं सरले आणि खांबाला धरून उभे राहिले.

मला वाटलं आता आम्ही निघू. पण त्या माणसानं मायकडं बघून म्हटलं, "माय, भूक लागलीय." आमच्याकडं कुठल्याही बाईला कुणीही माय म्हणतं. तिला ते ठाऊक होतं. तरी ती उठली नाही. तिनं गाठोडं सोडलं, दशमीवर चटणी घातली आणि त्याच्या हातात दिली. तो खाली मान घालून भराभरा खात सुटला. त्याला ठसका लागला तेव्हा तिनं पाठीवरून हात फिरवला. सगळ्या दशम्या त्यानं खाल्ल्या. आम्ही उठलो तर त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं. आश्रमातल्या बाईंनी येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली. माय रडली नाही. "कुणाचा तरी आसंल की," एवढंच म्हणाली, आणि फाटकापर्यंत दोन-तीनदा मागं वळून बघितलं.

परतीच्या बसमध्ये ती झोपली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर माझं स्वप्न बदललं. तेच दुकान, तीच पाठ, तीच मोजणी. पण आता मोजणी संपायची. तो मान वळवायचा, आणि चेहरा त्या आश्रमातल्या माणसाचा असायचा. "कवा आलीस गं?" तो दादाच्याच आवाजात विचारायचा. मी घाबरून जागी व्हायची. मग अंथरुणावर बसून दादाचा खरा चेहरा आठवायचा प्रयत्न करायची. डोळे आठवायचे, तर नाक त्या माणसाचं यायचं. इतकी वर्षं निदान झोपेत तरी तो माझ्याजवळ होता. आता तिथंही त्याच्या जागी दुसराच येऊन बसला होता. हे मी मायला सांगितलं नाही. ती विचारायची तेव्हा म्हणायची, "हो, आला होता. पाठमोरा होता."

बाबांना मात्र मी सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी माहेरी गेले होते. माय लग्नाला गेलेली. दुपारची झळ लागत होती आणि बाबा मधल्या खोलीत, दादाच्या जागेवर, दादाची वाकळ अंथरून पडले होते. जिनिंगचं काम सुटल्यापासून ते रोज दुपारी तिथंच पडायचे. माय म्हणायची, म्हातारपणाची सुस्ती. मी जवळ बसून वारा घालत होते. बोलता बोलता चेहरा बदलल्याचं सांगून बसले.

त्यांनी माझ्या हातातला पंखा धरून थांबवला. मग म्हणाले, "तुला चेहरा तरी दिसतो, बाई. कुणाचा का आसंना."

मला कळलं नाही. मी विचारलं, "तुमाला कसा दिसतो, बाबा?"

"मला?" ते उठून बसले. "मला येकदाबी आला न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"येकदाबी न्हाई," ते पुन्हा म्हणाले. "त्यो गेला तवापासून. तुज्या मायला रोज दिसतो, तुला दिसतो. सकाळी तुमी दोघी बोलायलाव की मी उठून भायेर जातो. काय ऐकू? माझ्यापाशी सांगायला काय हाय? हितं त्याच्या वाकळंवर पडतो रोज. त्याचा सदरा उशाला घेऊन बगितला. झोपायच्या आदी त्याचंच नाव घेतो. आन् सपनात काय येतं? जिनिंगची मशीन येती. मेलेला बैल येतो, माझ्या बापाच्या येळचा. मुकादम येतो. त्यो न्हाई येत." त्यांनी वाकळेवरून हात फिरवला. "माझं काय चुकलं आसंल गं? मी त्याला कंदी मारलं न्हाई."

मी त्यांचा हात धरला. मला इतकी वर्षं वाटत होतं की सारखं तेच स्वप्न पडणं हा त्रास आहे, त्यावर औषध आहे. आमच्याच घरात एक माणूस ते स्वप्न मिळावं म्हणून रोज दुपारी डोळे मिटून पडून राहत होता, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

सुट्टी संपल्यावर मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, काहींना जागं झाल्यावर आठवत नाहीत. कदाचित वडिलांना पडत असेल आणि ते विसरत असतील. मला वाटलं, यानं बाबांना धीर येईल. पुढच्या रविवारी मुद्दाम जाऊन सांगितलं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे त्यो येतो, आन् मी इसरतो? हे तर लयच वाईट झालं."

त्यानंतर ते दुपारचे झोपायचे बंद झाले. दाराबाहेर कडुलिंबाखाली बाज टाकून नुसते बसून असायचे. वाटलं, आता सावरतायत. पण जेवण तुटत गेलं. मी म्हणायची, परभणीला चला, मोठ्या दवाखान्यात दाखवू. ते म्हणायचे, "मी तिकडं आन् त्यो हिकडं आला तर?" पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसायची. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. मी वाकून विचारलं, "दादा आला होता का, बाबा? दिसला का?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते होकाराचं होतं की नकाराचं, मला सांगता येणार नाही. लोकांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात, दिसलाच असेल. मी तिथं होते, आणि मला कळलं नाही, हेच खरं आहे. त्याच आठवड्यात बाबा गेले.

नंतर मायला मी परभणीला आणायचा खूप प्रयत्न केला. ती आली नाही. माझं स्वप्न बाबांच्या जाण्यानंतर विरळ झालं आणि मग बंदच पडलं. ना दादा, ना तो आश्रमातला माणूस. रात्रभर शांत झोप लागते. सकाळी उठल्यावर मात्र काहीतरी विसरून आल्यासारखं वाटत राहतं.

मायचं स्वप्न चालू होतं, पण त्यातही फरक पडला. ते तिनं मला फोनवर नाही, मी गेले तेव्हा समोर बसवून सांगितलं. "आता त्यो दारात उबा ऱ्हात न्हाई. पाणीबी मागत न्हाई. लिंबाखाली बाजेवर बसलेला आसतो, तुझ्या बाबाच्या बाजूला. दोघं बी काही बोलत न्हाईत. मला बगून हसतेत." मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझे बाबा तर गेले. मंग त्यो त्यायच्यासंगं कसा गं?"

उत्तर तिलाही ठाऊक होतं. ते तोंडानं म्हणायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, "सपन हाय माय ते." ती म्हणाली, "हं." त्यानंतर तिनं मला कधी स्वप्न सांगितलं नाही, मलाही विचारलं नाही.

बाबांना वर्ष झालं तेव्हा घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. अंगणात मांडव घातला, नातेवाईक आले, शेजारच्या काकूही येऊन भांड्यांना हात लावत होत्या. टेबलावर पांढरं कापड अंथरून बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली, खाली बाबांचा हार घातलेला फोटो. भंतेजी येऊन बसले, मेणबत्त्या लावल्या. वंदना सुरू होणार, तेवढ्यात माय उठून घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दादाचा दहावीच्या वेळचा फोटो होता. काच पदरानं पुसत पुसत ती टेबलापर्यंत आली आणि तो तिनं बाबांच्या फोटोला खेटून ठेवला.

मामांना वाटलं, तो गेल्याचं आता तिनं मानलं. त्यांनी ताटातला दुसरा हार उचलला आणि दादाच्या फोटोकडं नेला. मायनं त्यांचं मनगट धरलं.

"हार नगं," ती म्हणाली. "नुसता बसू द्या तिथं."

मामांनी हार ताटात परत ठेवला. भंतेजींनी आमच्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि वंदना म्हणायला सुरुवात केली.